आधी कोणाला विचारावे?

चौकच्या शेतावरील आमची जमीन विकावी असे आम्हास सांगणारी माणसे २०२३ सालच्या उन्हाळ्यात एकूण सहा होती. दलाल, आमचे मेहुणे, बँकेतून निवृत्त झालेले एक स्नेही, पुण्यातला मुलगा, सूनबाई आणि शेजारच्या प्लॉटचे मालक. एवढी माणसे एकमताने बोलू लागली म्हणजे तो परमेश्वराचाच आवाज असावा, असे वाटू लागते. आम्हा उभयतांनाही तसेच वाटले होते.

आम्ही मूळचे वसईचे. १९९५ साली आमची केळीची वाडी आम्ही एका संध्याकाळी, चहाचे कप उचलले जाण्यापूर्वी विकून टाकली. वसईची जमीन आणि पाणी वाचविण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये उभी केलेली चळवळ आम्ही डोळ्यांनी पाहिली होती, मोर्चात चाललोही होतो. तरीही घरचा प्रश्न आला तेव्हा मेहुण्यांनी हिशेब मांडला आणि आम्ही मान डोलावली. त्या रात्री जपमाळ नेहमीप्रमाणे झाली. पण वाडीचा विषय प्रभूसमोर काढावा हे दोघांपैकी एकालाही सुचले नाही. पुढे ठरलेल्या रकमेतला मोठा हिस्सा आमच्या हाती आलाच नाही. बावखल बुजले, विहिरीवर टँकर लागू लागले. दोष कोणाला द्यावा? मेहुण्यांनी कळकळीनेच सांगितले होते. कळकळ आणि शहाणपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजायला आम्हास पैसे मोजावे लागले.

उरलेल्या रकमेतून १९९६ साली खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या दृष्टिपथात, दीड एकर भातजमीन घेतली. वसईच्या सातबाऱ्यामुळे शेतकरी म्हणून ती घेता आली. राखणीला एक ठाकर कुटुंब आले ते तिथलेच झाले. त्यांची दोन मुले त्याच झोपडीत जन्मली. पुढे द्रुतगती मार्ग झाला, डोंगरांच्या पायथ्याशी फार्महाऊसच्या कुंपणभिंती उगवल्या आणि आमच्या दीड एकराची किंमत आम्हालाच ऐकवेना. मुलाच्या घराचे कर्ज होते, आमचे वय झाले होते. विकण्याची कारणे खोटी नव्हती, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

विसार घेण्याचा दिवस ठरण्याच्या बेतात असताना सौभाग्यवतींनी बायबल काढले आणि बेन सिराच्या ग्रंथाचा सदतिसावा अध्याय समोर ठेवला. हा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलात आहे. आपण तो फारसा उघडत नाही, ही गोष्ट वेगळी. कोणाचा सल्ला घेऊ नये याची एक मिश्कील यादी तो ज्ञानी गृहस्थ देतो. भित्र्याला युद्धाबद्दल विचारू नये, कंजुषाला औदार्याबद्दल, आळशाला कामाबद्दल. आणि गिऱ्हाइकाला विक्रीबद्दल! आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. आमच्या सहा सल्लागारांपैकी तिघांचा त्या विक्रीत या ना त्या रीतीने हिस्सा होता. मात्र बेन सिरा सल्लाच नको असे म्हणत नाही. देवभीरू माणसाला विचार, स्वतःच्या अंतःकरणाला विचार आणि या सर्वांवर परात्पराची प्रार्थना कर, असा त्याचा क्रम आहे. मोशेनेही सासऱ्याचा, इथ्रोचा सल्ला मानलाच की. पण देवाची तशी आज्ञा असेल तर, ही अट त्या सासऱ्याने स्वतःच घातली होती. असे सल्लागार आमच्या पाहण्यात तरी विरळा.

दलालाकडून मुदत मागून घेतली आणि पेन्टेकॉस्टपूर्वी नऊ दिवस पवित्र आत्म्याची नोव्हेना केली. उत्तर आले नाही. वाचकहो, कसलाही आवाज, स्वप्न, संकेत आला नाही. संत इग्नेशियस लोयोला यांनी १५४४ साली आपल्या संघाच्या मठमंदिरांना कायमचे उत्पन्न असावे की नसावे, या एकाच प्रश्नासाठी चाळीस दिवस प्रार्थना केली होती आणि रोजची टिपणे ठेवली होती. तेथे आमच्या नऊ दिवसांची काय मातब्बरी! आमच्या धर्मग्राम-गुरूंनी त्यांचीच वाट सुचविली. तीन दिवस विकायचे ठरलेच आहे असे समजून वागा, पुढचे तीन दिवस ठेवायचे ठरले आहे असे समजा, आणि मन कोठे निवते, कोठे कोरडे पडते ते पाहा.

पहिल्या तीन दिवसांत एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी आली. दर रविवारी राखणदाराला फोन करण्याचा आमचा परिपाठ. त्या रविवारी दोघांनीही तो टाळला. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्याच्या कुटुंबाचे नाव आम्ही रोज घेतो, तेही जिभेवर अडखळले. सहाजणांना विचारले, परंतु सत्तावीस वर्षे जो त्या मातीत राबला त्याच्या कानावर आम्ही एक शब्द घातला नव्हता. प्रार्थनेने आम्हास उत्तर दिले नाही; कोणाला विचारायचे राहिले आहे ते दाखविले.

दुसऱ्या दिवशी निघालो. कर्जत स्थानकात गाडीची वाट पाहत बसलो असता घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिने जोडली जात होती. बाकावर आमच्याच समाजाचे, लोको शेडमधून निवृत्त झालेले एक वृद्ध होते. ते म्हणाले, "चढायला जोर लागतो हे सगळ्यांना दिसतं. खरी परीक्षा उतरताना." सदतिसात एक असा तो उतार. खाली येणाऱ्या गाडीला घाटात मध्येच सक्तीने उभे राहावे लागते. तेथील सांधा डोंगरावर चढणाऱ्या आडव्या रुळाकडेच लावलेला असतो. गाडी पूर्ण थांबली, ब्रेक धरतात याची खात्री झाली, म्हणजेच मुख्य मार्ग खुला होतो. न थांबणारी गाडी त्या आडरुळावर चढून अडते. आम्ही इतकी वर्षे त्या थांब्याला रेल्वेचा उशीर म्हणत आलो होतो.

शेतावर राखणदाराने सर्व ऐकून घेतले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाबा, जमीन तुमची, इका. पन पावसात घर हलवाया सांगू नका." त्याची बायको आत निघून गेली. आमच्याजवळ बोलायला काही उरले नव्हते. दलालाला आम्ही त्याच रात्री नकार कळविला.

त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला रस्ता नाही, यंत्रे पोहोचेनात, माणसे हातांनी चिखल उपसत होती. २३ तारखेला शोध थांबविला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जणांचा ठाव लागला नव्हता. राखणदाराचे नातलग डोंगराच्या दुसऱ्या अंगास; ते वाचले. आमची झोपडी सपाटीवर असल्याने तिलाही धक्का लागला नाही. काही आप्तांनी नंतर आमच्या नकाराची वाखाणणी केली, जणू देवाने आम्हास अगोदरच कळविले होते. असे म्हणणे आम्हास सहन होत नाही. चौऱ्याऐंशी माणसांच्या मरणातून आमच्या शहाणपणाचा दाखला काढणे पाप होय. त्या रात्री आम्ही वसईत होतो, फोन लागत नव्हता, आणि आम्ही केवळ घाबरलो होतो.

मुलाचे कर्ज अजून आहे. वर्षभर तो आमच्याशी तुटक बोलत होता. अलीकडे नातवाला घेऊन येतो. आमच्यानंतर झोपडीचे काय, याचे कागद कसे करावेत, याबाबत वकिलांशी बोलणे चालू आहे, आणि त्याविषयी रोज प्रार्थनाही चालू आहे. गेल्या मे महिन्यात राखणदाराचा फोन आला. औंदा बियाणे कर्जत-३ आणायचे की घरचेच पेरायचे, असे तो विचारीत होता. आम्ही म्हटले, तूच सांग.