शाहूवरची मॅच

कोल्हापूरला शिकणारा नातू परवा फोनवर म्हणाला, "आबा, शाहूवर पाटाकडीलची मॅच आहे, रात्री बोलतो." ठेवलाच फोन!

शाहूवर म्हणजे राजर्षी शाहू स्टेडियमवर. तिथे तालमींचे फुटबॉल संघ खेळतात. जरा खटकलं. ज्या राजाने १९०२ साली सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, त्याचं नाव असं एसटीच्या थांब्यासारखं घ्यायचं? मग वाटलं, मडगावच्या पंडित नेहरू स्टेडियमला तर सगळे फातोर्डाच म्हणतात. इथे निदान नाव तोंडी आहे.

आणि माझं तरी काय? १९२० च्या माणगाव परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पाठिंबा दिला, हे मी वर्गात शिकवायचो. पण आमच्या सवहून मुंबईला जाताना लागतं तेच हे माणगाव, असं कित्येक वर्षं सांगत होतो! ते कोल्हापूर जिल्ह्यातलं, हे एका विद्यार्थ्याने दाखवून दिलं. आधीच्या मुलांना कोण सांगणार?

रात्री नातवाचा फोन आला. आधी विचारलं, "कोण जिंकलं?" माणगावचं नंतर सांगितलं. या वेळी बरोबर.