सहा नंबर

आम्ही सचिनचे म्हटलं की महाराष्ट्रातला माणूस आधी हसतो. "तेंडुलकर का?" हा प्रश्न आम्हा भावंडांनी लग्नांत, बारशांत, साक्रीच्या एसटी स्टँडवर इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तरही देत नाही. सुरतेहून नवसारीकडे जाताना भेस्तान आणि मरोली या स्टेशनांच्या मधलं हे गाव. एकेकाळी इथे संस्थान होतं. जंजिऱ्याच्या सिद्दींपैकी एकाने तिथल्या गादीवरचा हक्क सोडला आणि 1791 साली पेशव्यांशी झालेल्या करारातून त्याला हा मुलूख मिळाला. म्हणजे इथे कोकणातून आधी नवाब आला आणि दोनशे वर्षांनी खानदेशातून आम्ही. तो गादीसाठी, आमचे आबा डाइंग मिलमधल्या जेट मशीनसाठी.

या नावाने 2016 साली गाडीतसुद्धा घोळ घातला. दादाने घरातली पहिली नवीकोरी गाडी घेतली. त्याआधीची मारुती एट हंड्रेड सेकंडहँड होती, आणि तिच्याआधी शेजारच्यांची भाड्याची जीप. नव्या गाडीत डॅशबोर्डमध्येच बसवलेला पडदा होता, आत नकाशा, बोलणारी बाई आणि तोंडी हुकूम ऐकायची सोय. दादाने ऐटीत आवाज दिला, "नेव्हिगेट टू सचिन." बाईने दोंडाईच्याच्या चुलतभावाला फोन लावला. नव्वदीनंतर जन्मलेल्या पोरांत प्रत्येक घरी एक तरी सचिन असतोच. तिकडून झोपेतला आवाज, "कोठे शेस रे?" मागच्या सीटवर आम्ही चौघं हसून लोळलो. आबा तेवढे गंभीर. त्या दिवसापासून त्या पडद्याचं नाव घरात 'डबडं' पडलं ते पडलंच.

तीन वर्षांनी गाडी सर्व्हिसिंगला गेली तेव्हा तिथल्या माणसाने सांगितलं की नकाशा जुना झालाय, नवा घालून देतो, साडेचार हजार पडतील. दादाने "घरी विचारून सांगतो" म्हटलं. आमच्याकडे घरी विचारणं म्हणजे ओट्याशी आई आणि काकू, दारात आबा, झोपाळ्यावर आम्ही, असा भरलेला दरबार. काकूचं म्हणणं, एवढ्यात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, साड्या होतील. पुतण्याचं म्हणणं, फोन असताना पैसे कशाला? आणि आबांचं म्हणणं एका वाक्यात होतं:

"रस्ता काय दूध शे का, नासाले?"

बोलणं तिथेच थांबलं असतं. पण नंतर मी एकटाच विचार करत बसलो, की खरंच, आमचा रस्ता नासला की नाही?

आमचा रस्ता म्हणजे सचिन ते आमचं गाव साक्री, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. लहानपणी तो आधी रेल्वेचा होता. उधन्याला भुसावळ पॅसेंजर धरायची, ताप्तीच्या एकेरी रुळांवर क्रॉसिंगला तासन् तास पडून राहायचं आणि नवापूरला उतरून एसटी पकडायची. नवापूर स्टेशनवर उतरलं की आम्ही एक खेळ खेळायचो. राज्यांची सीमा त्या फलाटावरूनच जाते, बाकड्याच्या मधून. तिकीटखिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. रेल्वे आधीची, सीमा 1960 ची, त्याला कोण काय करणार? धाकटी बाकड्याच्या एका टोकाला बसायची, मी दुसऱ्या, आणि आम्ही एकमेकांना परराज्यातून टाटा करायचो.

पुढे जीप आली आणि रस्ता आमच्या नाकात बसला. हो, नाकातच. पांडेसरा आणि सचिनच्या मिलांचा तो रसायनांचा ओला वास संपला की पलसाणा. मळीचा वास आला की बारडोली, कारखाना जवळ आला. मग व्यारा आणि सागाची झाडं. डोंगरावर गायकवाडांचा सोनगड दिसला की आई डबा उघडायची, कारण तिच्या हिशेबात निम्मी वाट झालेली असायची. नवापूरच्या पुढे शेवभाजी, ती इतकी तिखट की सुरतेच्या गोड डाळीवर वाढलेली आम्ही पोरं कान धरून पाणी प्यायचो. विसरवाडीनंतर कोंडाईबारीचा घाट. तिथे आबा ड्रायव्हरला बोलू द्यायचे नाहीत. दहिवेल आलं की आम्ही घरी पोचल्यासारखेच.

दिशा सांगायचं कामही ठरलेलं होतं. आबा पुढे बसायचे आणि खिडकीतून हात बाहेर काढून दिसेल त्याला हाक मारायचे. सोनगडपर्यंत त्यांची गुजराती, नवापूरपासून अहिराणी. "हाऊ रस्ता कोठे जास, भो?" समोरच्याने हात कुठे केला यापेक्षा तो किती विचार करून बोलतोय याकडे त्यांचं लक्ष असायचं. पटकन सांगणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. एकाला विचारलं की पुढच्या फाट्यावर दुसऱ्याला विचारून पडताळा घ्यायचा. मला तर वाटतं, या घरात अपडेट ही गोष्ट त्यांनीच आणली. फरक इतकाच, की ती दर फाट्याला व्हायची आणि फुकट होती.

आता नासण्याचं बघा. आम्ही रांगायला लागल्यापासून या एकाच वाटेवर काय काय बदललं? नवापूर धुळे जिल्ह्यात होतं. 1 जुलै 1998 ला नंदुरबार जिल्हा झाला आणि ते तिकडे गेलं. व्यारा आणि सोनगड सुरत जिल्ह्यात होते. 2 ऑक्टोबर 2007 ला तापी जिल्हा झाला आणि व्यारा त्याचं मुख्यालय बनलं. हजिऱ्याहून निघून धुळे, नागपूर, रायपूर करत कोलकात्याला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक सहा. 2010 च्या नव्या क्रमांकवारीत आमच्या वाटेवर तो त्रेपन्न झाला आणि पलसाण्याला त्याला छेदणारा आठ नंबर अठ्ठेचाळीस झाला. गुजरातच्या बाजूने चौपदरीकरण आधी झालं, महाराष्ट्राच्या बाजूने वर्षानुवर्षं रखडलं. रुळांचं दुहेरीकरण 2018 मध्ये पुरं झालं. आणि खुद्द सचिन 2020 मध्ये सुरत महापालिकेत गेलं. इतकं सगळं होऊनही आबा आजही म्हणतात, "सहा नंबरनी जा." आणि आम्ही बिनचूक जातो.

तर रस्ता नासला होता, भरपूर. दादाने गुपचूप साडेचार हजार भरले. आबांना नऊशे सांगितले.

यंत्राची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पैसे नेमके कशाचे मोजले ते आम्हालाही आधी कळलं नव्हतं. उपग्रह फुकटच असतात. तुम्ही पृथ्वीवर कुठे आहात एवढंच त्यांच्यावरून कळतं, आणि मे 2000 मध्ये अमेरिकेने त्यात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकल्यापासून तेही दहा-वीस मीटरच्या आत कळतं. त्या जागेभोवती रस्ता आहे, शेत आहे की नदी, हे उपग्रहाला ठाऊक नसतं. ते नकाशावर असतं आणि नकाशा असतो नखाएवढ्या कार्डात, पडद्याखालच्या खाचेत. तो तयार झाला त्या तारखेला जग जसं होतं तसंच त्यात थांबलेलं असतं. आमचं कार्ड त्या एकाच गाडीला बांधलेलं, दुसऱ्याकडून उतरवून आणलं तर चालत नाही. म्हणजे आम्ही साडेचार हजार मोजले ते रस्त्याचे नव्हेत, रस्त्याच्या एका ताज्या फोटोचे.

तो किती ताजा, हे आखाजीला कळलं. घरातल्या लेकींना माहेरी न्यायचं होतं, गाडी भरलेली, मागे आंब्यांची पेटी. सोनगडपर्यंत डबडं भलतंच शहाणं वागलं. जुन्या कार्डात जिथे बाण शेतातून पोहत जायचा आणि बाई घाईघाईने "यू-टर्न" म्हणायची, तिथे आता बाण रुंद रस्त्याच्या मधोमध. दादाने आरशातून आमच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. नवापूर ओलांडलं आणि खेळ संपला. पुढे रस्त्याचं काम चालू: मातीचे ढीग, बॅरिकेड, तेलाच्या पिंपांवर लाल फडकी, आज या बाजूने तर उद्या त्या बाजूने वळण. ताज्या कार्डातला फोटो काही महिने जुना होता आणि तो रस्ता तर आठवड्याला कूस बदलत होता. बाण पुन्हा शेतात. "रीकॅल्क्युलेटिंग," बाई म्हणाली. आणखी एकदा म्हणाली. मग गप्प झाली. मला वाटतं, तिलाही घाटात बोलायची हिंमत होईना.

आबांनी काच खाली घेतली. रोलरच्या सावलीत बसलेल्या पोराला हाक मारली, "कोठून जावानं रे, भो?" पोराने जरा विचार केला, एवढंच आबांना पुरलं. "डावा हातले वळ," ते दादाला म्हणाले. "त्या डबडाले काय समजस?"

इथे थांबलो तर गोष्ट आबांच्या बाजूने छान संपते. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर डबड्याने एकदा आमची लाज राखली. त्याच पावसाळ्यात नाशिकला लग्न होतं आणि हौसेने आम्ही डांगमधून, वघई-सापुताऱ्यावरून निघालो. वघईच्या पुढे रात्र, धुकं आणि वायपरच्या पलीकडे काही नाही. फोनची रेंज गेली. फोनला आपण कुठे आहोत हे तेव्हाही कळत असतं, पण नकाशा इंटरनेटवरून यायचा असतो आणि तो येईना, म्हणून निळा ठिपका करड्या चौकोनात एकटाच लुकलुकत बसला. पुतण्याचा चेहरा उतरला. विचारायला रस्त्यावर माणूस नव्हता, त्यामुळे आबाही गप्प. आणि डबड्याचा बाण मात्र शांतपणे वळणामागून वळण दाखवत होता, सगळा डांग त्याच्या पोटातच होता. पुढचं वळण उजवीकडे आणि घट्ट आहे हे दादाला आधी कळत होतं. सापुताऱ्याला चहा प्यालो तेव्हा आबा पडद्याकडे बघून इतकंच म्हणाले, "बरं शे." त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे सत्कारच.

पण नीट आठवलं तर त्या घाटात कामाला आला तो नकाशा ताजा होता म्हणून नव्हे, गाडीत होता म्हणून. सापुताऱ्याची वळणं काही तीन वर्षांत हललेली नव्हती, जुन्या कार्डानेही आम्हाला तसंच वर नेलं असतं. साडेचार हजार वाया गेल्याचं दादाने तिथे, चहाच्या टपरीवर, स्वतःहून कबूल केलं. खरा आकडाही तेव्हाच फुटला. आई बराच वेळ बोलली नाही.

डबड्याची उरलेली मिजास पुतण्याने संपवली. त्याने फोनमध्ये सुरत ते धुळे आणि सुरत ते नाशिक असे दोन पट्टे घरच्या वायफायवर आधीच उतरवून घेतले. ही सोय 2015 च्या अखेरीपासून आहे, आम्हालाच ठाऊक नव्हती. रेंज गेली तरी फोन वाट दाखवतो. काही काळाने उतरवलेला नकाशा शिळा होतो, मग पुन्हा उतरवायचा, पैसे पडत नाहीत. रेंज असेल तर पुढे गर्दी कुठे आहे तेही कळतं, आमच्या कार्डाला ते कधीच कळलं नाही. फोन तापतो, बॅटरी खातो, ऐन फाट्यावर मावशीचा फोन येतो, हे सगळं खरं. त्यावर दोनशे रुपयांचा स्टँड आणि एक चार्जर हा उपाय आहे, मावशीवर नाही.

तरी कुणी विचारलंच तर आमच्या घरचा निवाडा असा. नवी गाडी घेताना नकाशाचे अपडेट ठराविक वर्षं किमतीतच असतील तर न विसरता घालून घ्या. स्वतःच्या खिशातून मोजायचे असतील तर आधी विचारा की कार्डातला नकाशा कोणत्या महिन्याचा आहे. उत्तर फार पटकन आलं तर पुढच्या माणसाला विचारा. आणि ज्या रस्त्याचं काम चालू आहे त्याच्यासाठी तर एक पैसाही देऊ नका.

आबा आता ब्याऐंशीचे आहेत आणि अजून पुढच्याच सीटवर बसतात. येत्या आखाजीला निघायचंय, पट्टे परवाच पुन्हा उतरवलेत. कार्ड अजून त्याच खाचेत आहे, त्यातलं सचिन अजून महापालिकेबाहेर.