वाचता येणारं टेबल

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, रॉकपोर्ट या समुद्रकाठच्या गावी, वर्तमानपत्रांच्या भिंतींचं एक घर आहे. एलिस स्टेनमन यांनी ते 1922 साली बांधायला घेतलं. पेपरक्लिप तयार करणारी यंत्रं रचणं हा त्यांचा व्यवसाय. उन्हाळ्यात राहायच्या त्या घराचा सांगाडा, जमीन आणि छप्पर नेहमीसारखं लाकडाचं. भिंतींत मात्र वर्तमानपत्राचे 215 थर, एकावर एक चिकटवून दाबलेले. खळ घरीच केलेली: पीठ, पाणी आणि सफरचंदाच्या साली. वरून वॉर्निशचे हात.

भिंती झाल्यावर सामानसुमानाची पाळी आली. वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळ्या वळायच्या, हव्या त्या लांबीला कापायच्या, खिळ्यांनी आणि खळीनं जोडायच्या. अशा सुरळ्यांतून खुर्च्या, टेबलं, दिवे तयार झाले. पियानो खराच, पण त्यालाही बाहेरून कागदाचं आवरण. घर आणि सामान मिळून सुमारे 1 लाख अंक लागले.

स्टेनमन यांची खरी कमाल त्यांच्या निवडीत आहे. हाताला लागेल तो कागद त्यांनी वळला नाही. लिहायच्या टेबलासाठी त्यांनी वैमानिक चार्ल्स लिंडबर्गच्या 1927 च्या विमानप्रवासाच्या बातम्या बाजूला काढल्या. रेडिओच्या कपाटाला हर्बर्ट हूव्हरची अध्यक्षपदाची निवडणूक मोहीम लाभली. लंबकाच्या उंच घड्याळासाठी तेव्हाच्या 48 राज्यांच्या राजधान्यांतली वर्तमानपत्रं जमवली. वॉर्निश काळवंडलं, तरी टेबलाशी वाकून पाहिलं की मथळे आजही वाचता येतात. भिंतीचा वरचा थर सुटतो, तिथं खालची आणखी जुनी बातमी डोकावते. रद्दीचं फर्निचर झालं, पण तिची वाचनीयता गेली नाही. यापेक्षा मोठी दाद जुन्या कागदाला कुणी दिली असेल असं वाटत नाही.

ध्वनिमुद्रिकांच्या वाट्याला इतकं प्रेम क्वचितच येतं. एल.पी. तबकडी प्लॅस्टिकची. ती ओव्हनमध्ये तापवली की मऊ पडते आणि वाडग्यावर दाबली की फळं ठेवायचं झालरदार भांडं तयार होतं. मधल्या भोकात काटे बसवले की भिंतीवरचं घड्याळ. दिसायला दोन्ही देखणी. पण भांड्यात खोबण्या वाकतात आणि सूर कायमचा जातो.

त्याआधीच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकड्या तर लाखेच्या. सुतार स्पिरिटमध्ये विरघळवून शिसवी कपाटाला पॉलिश करतो, तीच लाख. म्हणजे दिवाणखान्यातल्या कपाटाची झळाळी आणि आतल्या नाट्यगीताची तबकडी, दोन्ही एकाच किड्याची देणगी. या ठिसूळ तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तेवढ्यात गायकानं अख्खा राग उभा करायचा. अशी तबकडी केवळ शोभेसाठी भिंतीला ठोकणं, हा त्या तीन मिनिटांवर अन्याय आहे.

मग काहीच करू नये का? जरूर करावं. व्हिडिओच्या व्ही.एच.एस. कॅसेटी चालवणारी यंत्रं बनवणारी शेवटची मोठी कंपनी 2016 मध्ये थांबली. बाजारात हजारोंनी खपलेल्या चित्रपटांच्या त्या कॅसेटी रचून, वर काच टाकून बैठं टेबल केलं तर कुणाचं काही बुडत नाही. बुरशी धरलेल्या, चिरलेल्या, सुई घसरणाऱ्या तबकड्याही खुशाल भिंतीवर लावाव्यात. वर्तमानपत्राच्या एका अंकाच्या हजारो प्रती असतात, हे स्टेनमन यांच्या बाजूनंही सांगायला हवं. पण घरी टेप केलेल्या कॅसेटची प्रत एकच असते. तिच्यात आजीच्या ओव्या असतील, गावच्या कीर्तनकाराचा आवाज असेल, बारशाचा गलबला असेल.

म्हणून कात्री किंवा ओव्हन हाती घेण्याआधी लेबल वाचा, एकदा तरी वाजवून ऐका, घरचा आवाज संगणकावर उतरवून घ्या. जुनी तबकडी ओळखता येत नसेल तर जाणत्या संग्राहकाला दाखवा. अशा संग्राहकांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था मुंबईत 1990 साली सुरू झाली.