सात मिनिटांचं विमान

सायकलच्या ब्रेकची वायर कधी नीट पाहिली आहेत? तारांचा पीळ असतो तो. घासून घासून एकेक तार सुटते आणि आपल्याला पत्ताही नसतो.

पॅसिफिक महासागरात मूरिया आणि ताहिती ही शेजारशेजारची बेटं. आपल्याकडे एसटी, तसं तिथे 'ट्विन ऑटर' नावाचं छोटं विमान ये-जा करायचं. प्रवास जेमतेम सात मिनिटांचा! ९ ऑगस्ट २००७ रोजी ते मूरियाहून उडालं. वैमानिकाने पंखांचे फ्लॅप मिटले. तेव्हा विमानाचं नाक खाली झुकतं, म्हणून दांडा मागे ओढावा लागतो. नेमका त्याच वेळी शेपटीकडे जाणारा पोलादी दोर तुटला. विमान समुद्रात कोसळलं आणि वीसही जण गेले.

अवशेष सापडले सुमारे ७०० मीटर खोल. खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून दोर स्टेनलेस स्टीलचा होता. पण गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), हे पोलाद गंजत नाही, पण घासून मात्र लवकर झिजतं. काही तारा अशा झिजल्या होत्या. उरलेल्यांना विमानतळावर उभं असताना मोठ्या जेटच्या झोताचा हिसका बसला असावा, असं तपासात निघालं.

मला तर वादळापेक्षा या न गंजणाऱ्या दोराचीच जास्त भीती वाटते.