पेशींचे वय आणि मनाचा आजार

द्विध्रुवी मनोविकारात, म्हणजे बायपोलरमध्ये, माणूस काही काळ उन्मादात असतो: झोप नाही तरी थकवा नाही, बोलणे थांबत नाही, हातातला पैसा टिकत नाही. पुढे तोच माणूस कित्येक आठवडे अंथरुणातून उठत नाही. या रुग्णांचे आयुष्य सरासरीने कमी भरते. त्याला आत्महत्येबरोबरच हृदयविकार आणि मधुमेह कारण असतात. हे रोग एरवी उतारवयातले. म्हणूनच या आजारात पेशीच लवकर म्हाताऱ्या होतात का, याचा शोध सुरू झाला.

गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर म्हणतात. तिथे टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे हजारो वेळा ओळीने येतात. पेशी विभागली की हे टोक थोडे झिजते आणि फार आखूड झाले की विभाजन थांबते. टेलोमिअर गुणसूत्रांचे रक्षण कसे करतात याच्या आणि झीज भरून काढणाऱ्या टेलोमरेज विकराच्या शोधासाठी ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शोस्टाक यांना २००९ चे नोबेल मिळाले.

बायपोलरमध्ये टेलोमिअर आखूड असतात का, यावर अभ्यासांचे एकमत नाही. धूम्रपान, लठ्ठपणा आणि तुटलेली झोप यांचाही टेलोमिअरशी संबंध आढळतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील २०१८ च्या अभ्यासात लिथियम हे या आजारावरचे औषध न घेणाऱ्या रुग्णांचे टेलोमिअर आखूड आढळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या निरोगी सख्ख्या नातलगांचेही. म्हणजे ही झीज केवळ आजाराने होत नसावी, तिचा काही भाग घराण्यातूनच येत असावा. लिथियम घेणाऱ्यांचे टेलोमिअर लांब होते. स्वीडनमध्येही २०१३ मध्ये असेच दिसले होते. तरीही टेलोमिअर मोजून आजाराचे निदान करता येत नाही. तशी चाचणी कोणी विकत असेल, तर ती घेऊ नये.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण तो एका जनुकाचा नाही. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जनुकसंचातील ६४ जागा सापडल्या आणि प्रत्येकीचा परिणाम अगदी थोडा होता. त्यातले नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे होते. त्यामुळे बंगळूरच्या निम्हान्स आणि एनसीबीएस या संस्थांनी एकाहून अधिक रुग्ण असलेल्या भारतीय कुटुंबांचा चालवलेला अभ्यास मोलाचा ठरतो.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्ह्याच्या खोऱ्यांत आनुवंशिकतेचा हा विषय सोयरीक ठरवताना निघतो. कुणाचा चुलता मुंबईला गेला आणि परतलाच नाही, कुणाच्या आजीला ‘बाहेरचं’ झालं होतं, असे सांगितले जाते आणि स्थळ मोडते. आई किंवा वडील रुग्ण असले, तरी दहांतील नऊ मुलांना हा आजार होत नाही. घरातली ही माहिती सोयरीक मोडण्यासाठी नव्हे, डॉक्टरांना सांगण्यासाठी आहे: उदासीनतेच्या रुग्णाच्या घरात उन्माद होता हे कळले, तर औषधाची निवड बदलू शकते.

लिथियमची उपयुक्त आणि घातक पातळी यांत अंतर थोडे असते. आषाढात भाताच्या लावणीत दिवसभर वाकून कंबर धरते आणि मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी आणली जाते. ती मूत्रपिंडातून लिथियम पुरेसे बाहेर पडू देत नाही. जुलाब-उलट्या झाल्या किंवा पाणी कमी प्यायले, तरी पातळी चढते. हात जोराने थरथरू लागले, बोलणे जड झाले, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठून रक्तातील लिथियम तपासून घ्यावे. दुखण्यासाठी कोणती गोळी चालेल हे लावणीआधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. मनोविकारतज्ज्ञ जवळ नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो.