पारख बैलाची होते तशी पोरांची होते का?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. कबड्डीत रस नसला तरी चालेल, पण घरात आठवी ते बारावीतलं पोर असेल तर शेवटपर्यंत वाचा.

मे महिना आला की आमच्या जुन्नरच्या पूर्व पट्ट्यात दोन प्रकारची पारख जोरात चालते. एक बैलांची, दुसरी कबड्डीच्या पोरांची. बेल्ह्याच्या बाजारात खोंड घ्यायला गेलेला माणूस खूर बघतो, छाती बघतो, दात बघतो, चार पावलं चालवून बघतो, आई कोणाच्या गोठ्यातली ते विचारतो. एवढं करून "पुढच्या बाजाराला बघू" म्हणतो आणि मोकळ्या हाताने घरी येतो. आणि पंधरा वर्षांच्या पोराला घरातून उचलून शहरातल्या वसतिगृहात न्यायचं की नाही, हे कधी कधी एका सामन्यात ठरतं.

यंदा चार दिवस सकाळी निमगाव साव्यातून गाडी काढून जवळच्याच एका गावातल्या उन्हाळी शिबिराला जाऊन बसलो. पोरं अल्पवयीन आहेत, म्हणून गावाचं, शाळेचं, कुणाचंच नाव टाकत नाही. विचारूही नका. आठ शाळांचे संघ, मुलांचे पाच आणि मुलींचे तीन. सकाळी सहाला सुरू, साडेनऊला बंद, कारण त्यानंतर माती तापते. मॅट नाही. चुन्याने आखलेलं मैदान, कडेला लिंबाचं झाड, झाडाखाली पाण्याचा टँकर. आणि दोरीच्या बाहेर खुर्च्या टाकून बसलेली चार-पाच पाहुणे मंडळी. कोणी शहरातल्या कॉलेजचं, कोणी अकादमीचं, कोणी क्लबचं. हातात वही, नाहीतर मोबाईलवर व्हिडिओ. ही निवडीची माणसं.

ही माणसं आपल्याकडे यायला लागली त्याला कारण आहे. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला खेळ टीव्हीवर गेला. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाख ५० हजार मिळाले, हे आमच्याकडच्या सातवीतल्या पोरालाही पाठ आहे. आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ ने हरवून पहिल्यांदा करंडक घेतला, तेव्हा पलटणचा कर्णधार होता अस्लम इनामदार. टाकळी ढोकेश्वरचा. म्हणजे आळेफाट्यावरून नगरच्या रस्त्याला लागलं की बेल्ह्याच्या पुढं येणाऱ्या गावचा. तालुका पारनेर असला तरी आमच्यासाठी तो शेजारचाच पोरगा. त्याच्या आधी २०२३ मध्येच हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघातही तो होता. बेताच्या परिस्थितीतल्या घरातलं पोरगं एवढं वर जाऊ शकतं, हे त्याने दाखवलं. तेव्हापासून या पट्ट्यातल्या प्रत्येक आईबापाला आपल्या पोरात अस्लम दिसतो.

दिसू द्या. पण जरा हिशोबही करा. प्रो कबड्डीत १२ संघ. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. म्हणजे अख्ख्या देशातून ३०० जागा, त्यातही काही परदेशी खेळाडूंच्या. हरियाणाच्या एकेका गावातून दहा-दहा पोरं तयारीत असतात. तेव्हा शिबिरातल्या पोरांपैकी किती जण टीव्हीवर दिसतील हे तुम्हीच ठरवा. म्हणून मला त्या खुर्च्यांवरच्या माणसांपेक्षा ते काय बघतात आणि काय बघत नाहीत यात जास्त रस होता.

त्यात एक निवृत्त क्रीडा शिक्षक होते. सत्तरीच्या पुढचे, पांढरी टोपी, शाळेची जुनी वही. बाकीचे गुण मोजत होते. सर मात्र पोरगं बाद होऊन बाहेर बसलं की त्याच्याकडं बघत होते. मी विचारलं, सर, खेळ तर आत चाललाय. म्हणाले, "आत काय, सगळेच पळतात. बाहेर बसल्यावर जो सामना बघतो, साथीदाराला आवाज देतो, तो शिकणारा. जो पाणी पीत फोटो काढून घेतो, तो आजच्यापुरता."

सरांची पारख ऐकण्यासारखी होती. चढाईला गेलेल्या पोराचे ते हात बघत नाहीत, पाय बघतात. निदान रेषा ओलांडल्यावर मागचा पाय मोकळा राहतो का, की दोन्ही पाय चिकटतात. बोनस घ्यायला सात जणांसमोर सगळेच जातात, पण तिसऱ्या चढाईला, गुण आणलाच पाहिजे तेव्हा, श्वास कसा राहतो. कोपऱ्यातला पोरगा घोट्याला हात घालताना डोळे मिटतो का. मिटत असेल तर भीती आहे, आणि भीती काढायला दोन वर्षं लागतात. साखळीतल्या दोघांचं एकमेकांकडं न बघता जमतं का. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या डावातली शेवटची पाच मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत, सर म्हणतात, कोणीही वाघ असतो.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली ती पालकांनी लिहून ठेवावी. चौदाव्या वर्षी ज्याला मिसरूड फुटलंय तो मिसरूड न फुटलेल्यांमध्ये चमकणारच. तो आधी वाढला, एवढाच त्याचा अर्थ. सतराव्या वर्षी बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात, आणि तोपर्यंत नुसत्या ताकदीवर खेळल्यामुळं याला कौशल्य आलेलं नसतं. उलट एखादं बारकं, चपळ, उशिरा वाढणारं पोरगं त्याच शिबिरात मागच्या ओळीत बसलेलं असतं. त्या दिवशी निवडीच्या यादीत चार नावं लिहिली गेली. चारही आडदांड पोरं. सरांच्या वहीत मात्र दोन वेगळीच नावं होती, आणि त्यातलं एक मुलीचं होतं.

नववी झालेली पोरगी. तीन दिवसांत तिच्याइतक्या चढाया कोणी मारल्या नाहीत. चौथ्या दिवशी आली नाही. संघाच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, कांदा भरायला गेली, रोज बुडत होता. आपल्याकडं उन्हाळ कांद्याच्या दिवसांत घरातलं एकेक माणूस हातावर मोजलेलं असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी मॅडमबरोबर तिच्या वस्तीवर गेलो. शहरातल्या एका वसतिगृहात जागा होऊ शकते, शिक्षण आणि सराव दोन्ही होईल, असा निरोप होता. वडील गप्प होते. आईने मात्र सरळ विचारलं, "भाऊ, टीव्हीवर तर नुसती पोरंच खेळत्यात. माझी पोरगी खेळून पुढं काय करणार?"

याला काय उत्तर देणार? २०१६ ला प्रो कबड्डीबरोबर मुलींची तीन संघांची स्पर्धा झाली होती. एका हंगामानंतर ती थांबली. मुलांची लीग मात्र वाढत गेली. आणि तरी याच मुलींनी हांगझोऊला तैवानच्या संघाला २६-२५ असं एका गुणाने हरवून सुवर्ण आणलं. त्या संघात आपल्या महाराष्ट्राच्या स्नेहल शिंदे आणि सोनाली शिंगटे होत्या. मी हे सांगितलं. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, तेही सांगितलं. त्यासाठी ठरावीक पातळीवर खेळावं लागतं आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते, हेही लपवलं नाही. आई म्हणाली, "म्हणजे आत्ता पाठवायची ते भरवशावर." खरं आहे ते. शाळा सुरू व्हायच्या आत त्यांना ठरवायचंय. अजून ठरलेलं नाही.

इथं मुद्दा येतो तो पोरगी गुणी आहे की नाही याचा नाही, तो मातीवर सिद्ध झालाय. तिच्या गुणाची किंमत कोणी भरायची, हा आहे. चार दिवसांचा रोज कोणाच्याही यादीत धरलेला नसतो.

आता तुमच्या-माझ्या भागाच्या खास अडचणी. शाळा पाचला सुटते. हिवाळ्यात सहाला अंधार. शालेय स्पर्धांच्या तयारीचे दिवस येतात तेव्हा ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो, आणि उसात काय असतं हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. वस्तीवरचं पोर सरावाला थांबलं की आईचा जीव टांगणीला. एका शाळेत तर मुलींचा संध्याकाळचा सराव बंदच झाला. मैदान आहे, शिक्षक आहे, पोरी आहेत, फक्त घरी जायचा रस्ता बिबट्याच्या हद्दीतून जातो. याला उपाय म्हणजे एक जीप आणि तिचं डिझेल. त्यासाठी कुठल्या योजनेची वाट बघायची?

दुसरी अडचण पश्चिमेची. आहुपे, डिंभ्याच्या खोऱ्यात, आपल्या जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात चढ-उतारावर वाढलेली पोरं आहेत. दम असा की पाहत राहावं. पण शिबिरं भरतात उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात आश्रमशाळा बंद. पोरं आपापल्या पाड्यावर, आईबापांबरोबर कामाला. मग शिबिरात दिसणार कोण? ज्यांना पालक गाडीवर आणून सोडतात ते. निवडीची माणसं प्रामाणिक असली तरी जे समोर येतं त्यातूनच निवडणार. आश्रमशाळांच्या स्वतःच्या क्रीडा स्पर्धा दरवर्षी होतात. घोडेगावचं प्रकल्प कार्यालय काही परदेशात नाही. वहीवाल्यांनी तिकडं एक चक्कर मारावी.

तिसरी गोष्ट वजनाची. किशोर आणि कुमार गटात वयाबरोबर वजनाचीही अट असते. ती पोरांच्या भल्यासाठी आहे, थोराड पोरांनी बारक्यांना चिरडू नये म्हणून. पण वजन बसवायला पोरं आदल्या दिवशी जेवत नाहीत, पाणी पीत नाहीत, उन्हात जाड जर्किन घालून पळतात. या शिबिरात एक पोरगं काट्यावरून उतरलं आणि तिथंच मटकन बसलं. मे महिन्यात, मंडळी! वाढत्या वयातल्या पोराचं पाणी तोडून कोणता खेळाडू तयार होणार? शिक्षकांनी आणि पालकांनी सरळ वरच्या गटात खेळवावं. हरला तर हरला.

आणि चौथी, जरा नाजूक. शिबिराच्या कडेने "आपली वर ओळख आहे" म्हणणारे फिरतात. एकाने एका पालकाकडं नोंदणीच्या नावाखाली रक्कम मागितली, पावतीचं नाव नाही. लक्षात ठेवा, प्रो कबड्डीत संघ पैसे देऊन खेळाडू घेतात, खेळाडूच्या बापाने पैसे भरायचे नसतात. जन्मतारखेत "थोडं इकडंतिकडं करू" म्हणणाऱ्याला तर दारातूनच वाटेला लावा. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं राज्यात गाजलेली आहेत. दाखला देणारा पसार होतो आणि नोकरी पोराची जाते.

अकादमीत घालायच्या आधी पालकांनी एवढं तरी विचारावं. शाळा कोणती, हजेरी कोण बघणार? दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा? मुलींच्या वसतिगृहात राहणारी जबाबदार बाई आहे का? दोन वर्षांपूर्वी नेलेली पोरं आज कुठं आहेत, त्यांचे फोन नंबर द्याल का? या शेवटच्या प्रश्नावर समोरचा माणूस गडबडला तर चहा पिऊन उठावं.

१५ जुलैला कबड्डी दिन असतो, शंकरराव ऊर्फ बुवा साळवींची जयंती. त्या दिवशी हार, फोटो, भाषणं होतील, प्रसिद्धीपत्रकंही व्हॉट्सअॅपवर येतील, त्यात पाहुण्यांची नावं आधी आणि पोरांची शेवटी. यंदा एक वेगळं करू. आपल्या भागातल्या शाळा, मंडळं आणि ग्रामपंचायतींनी त्या दिवशी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. पूर्व पट्ट्यासाठी एक सामाईक मॅट. संध्याकाळच्या सरावाहून पोरं घरी सोडायला गाडी. आणि पुढच्या शिबिरात गरीब घरातल्या पोराला, विशेषतः पोरीला, बुडालेल्या रोजाएवढा भत्ता. यात्रेत एका दिवसाच्या बैलगाडा शर्यतीला आपण किती वर्गणी काढतो ते आठवा. त्या शर्यतीचा मला अभिमान आहे, ती व्हावीच. पण त्यातला थोडा हिस्सा इकडं वळला तर बैल काही रुसणार नाहीत.

ज्यांना यात हात लावायचाय त्यांनी खाली फक्त गावाचं नाव टाका. पोरांची नावं आणि फोटो टाकू नका. गाडी, मॅट, डिझेल, दोन तास वेळ, जे जमेल ते लिहा. शाळा सुरू व्हायला फार दिवस राहिले नाहीत, आणि एका घरात अजून विचार चाललाय.