लेक फोर्कवरचे दोन दिवस

घरात दीर्घ आजारपण असेल आणि शुश्रूषेची जबाबदारी तुमच्यावर असेल, तर ‘मित्रांबरोबर दोन दिवस मासेमारीला चला’ हे साधे आमंत्रणही तुम्हाला अपराधासारखे वाटेल. मलाही तसेच वाटले. पत्नीच्या कंपवाताला सात वर्षे झाली; या काळात मी एकही रात्र तिच्यापासून दूर राहिलो नव्हतो. मार्चमध्ये आम्ही डॅलसला मुलीकडे होतो. सकाळच्या फिरण्यात ओळख झालेले, माझ्यासारखेच मुलांकडे आलेले तीन समवयस्क लेक फोर्कला निघाले होते. मी नकार देणार, तोच आतून आवाज आला, “अहो, जा तुम्ही. मलाही दोन दिवस तुमच्या घड्याळापासून सुटी हवी आहे.”

निघण्यापूर्वी मी मुलीसाठी एक कागद लिहिला. तुम्हीही लिहा. गोळ्यांच्या वेळा अगदी वर. कारण कंपवातात गोळी वेळेवर जाणे फार महत्त्वाचे. त्याखाली घास लहान द्यावा, जेवताना ताठ बसवावे, रात्री न्हाणीघरातील दिवा चालू ठेवावा, आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक. सात वर्षे डोक्यात वाहिलेले ओझे एका पानात मावले, याचे मलाच आश्चर्य वाटले.

डॅलसहून पूर्वेला दीड तासाच्या अंतरावर लेक फोर्क आहे. हा नैसर्गिक तलाव नव्हे. सबीन नदीला मिळणाऱ्या प्रवाहावर १९८० मध्ये धरण झाले आणि सुमारे अकरा हजार हेक्टर जमीन पाण्याखाली गेली. बरीच झाडे न तोडता तशीच राहू दिली होती. आज त्यांचे निष्पर्ण, करडे बुंधे पाण्यातून वर आलेले दिसतात. पहाटेच्या धुक्यात ते पाहताना प्रथम मन उदास होते. मग कळते, की त्याच बुंध्यांच्या आडोशाला या तलावाचे सारे वैभव दडलेले आहे. ते वैभव म्हणजे बास मासा. मोठ्या जबड्याचा, हिरवट पाठीचा, अंगावर काळसर पट्टा असलेला. टेक्सासमधील आजवरचा सर्वांत मोठा बास, सव्वाआठ किलोंचा, १९९२ मध्ये येथेच गळाला लागला.

बाससाठी वापरतात ती होडी बुटकी आणि अतिवेगवान असते. आपल्या वयाला ती मानवत नाही. सपाट तळाची, चहूबाजूंनी कठडा असलेली पाँटून बोट घ्या. तीत शिरताना पाऊल फार उंच उचलावे लागत नाही आणि बसायला टेकू असतो. एका मित्राचा मुलगा ती चालवत होता. लाइफ जॅकेट काठावरच चढवा, पाण्यात गेल्यावर नव्हे. बसल्या जागेवरून झटकन उठू नका. रक्तदाब उतरून तोल जातो. लघवी वाढवणारी गोळी सहलीसाठी परस्पर बंद करू नका, तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा. मधुमेह असेल तर खाणे हाताशी ठेवा. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर गळाची जखमही लवकर थांबत नाही. स्वच्छ कापडाने दाबून धरा, आणि धनुर्वाताची लस झाली आहे ना, ते आधीच पाहा. मासेमारीचा परवाना बाहेरून आलेल्यांना एका दिवसापुरताही मिळतो. आभाळ गडगडू लागले, की मोह सोडून काठ गाठावा.

उरले ते काम फक्त वाट पाहण्याचे. प्लॅस्टिकचे गांडूळ बुंध्याजवळ टाकायचे, तळाला जाऊ द्यायचे आणि सावकाश ओढत राहायचे. आमच्यातील एकाचे बालपण मालवणात गेलेले. गळ त्याच्या बोटांना आठवत होता. मी मात्र पहिल्या सकाळी तीनदा घरी फोन केला. तिसऱ्यांदा मुलगी म्हणाली, “बाबा, आई जेवली. तुम्ही आता मासे बघा.”

दुपारी माझ्या गळाला दोन वितींचा बास लागला. तो ठेवता येत नव्हता. येथे सोळा ते चोवीस इंचांच्या दरम्यानचा बास पाण्यात परत सोडावाच लागतो. वीण देणारे मासे टिकावेत म्हणून हा नियम आहे. सोडताना मित्राच्या मुलाने सांगितले, की हा विणीचा हंगाम. या माशांत घरटे नर करतो. शेपटीने तळ झाडून जागा तयार करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि पिले सुटी होईपर्यंत नर पहाऱ्यावर राहतो. त्या काळात तो फारसे खातही नाही. त्याला गळाने दूर नेले, तर इतर लहान मासे अंड्यांवर तुटून पडतात; म्हणून तो लागलाच तर त्याच जागी ताबडतोब सोडावा.

मी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिलो. त्या माशाला पहारा देण्यासाठी दुसरे कोणी नसते. मला होते, मी कधी विचारलेच नव्हते. त्या रात्री मी सलग सात तास झोपलो.

रविवारी परतलो तेव्हा पत्नी खुर्चीत बसून स्वेटरची बटणे लावत होती. मी सवयीने पुढे झालो. मुलीने मला हळूच थांबवले. “दोन दिवस तीच लावते आहे, बाबा. वेळ लागतो, एवढेच.” एकेक बटण पाच वर्षे मी लावत आलो, ते मदत म्हणून की घाई म्हणून, हे मला तेव्हा सांगता आले नाही.

तुमच्यासाठी लेक फोर्क असायला हवे असे नाही. गावाजवळचे तळे, ओळखीचे दोन मित्र आणि एका रात्रीची सुटी पुरे. पण तो एका पानाचा कागद आज लिहून ठेवा, आणि जिला किंवा ज्याला सांभाळता, त्यांनाही विचारा, की त्यांना तुमच्यापासून सुटी हवी आहे का. उत्तर ऐकून वाईट वाटून घेऊ नका.